कांदळवनातला कार्बन मोजायला निघालायस, तर आधी चिखलाकडे बघ

आचऱ्याच्या खाडीत पहिल्यांदा जातोयस, म्हणून सांगतो. नवखा माणूस झाडांचे घेर मोजत बसतो, पण कांदळवनातला बहुतेक कार्बन पायाखालच्या चिखलात असतो. घेर मोजच, तिवर जातीच्या झाडाचा छातीच्या उंचीवर, कांदळ जातीच्या झाडाचा मात्र सर्वांत वरच्या आधारमुळाच्या (खोडातून खाली चिखलात उतरणाऱ्या मुळाच्या) वर.

खरा वेळ मातीला दे. मातीचा नमुना काढायची नळी निदान 1 मीटर खोल घाल. बाहेर काढण्याआधी नळीतल्या आणि बाहेरच्या चिखलाची पातळी ताडून बघ. आत माती दबली असेल आणि ते नोंदवलं नाहीस, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. मी एकदा ते विसरलो आणि आठवड्याभराचे नमुने टाकून द्यावे लागले, अजून वाईट वाटतं. नळीतल्या मातीचे तुकडे कर, प्रत्येक तुकड्याचं आकारमान लिही, 60 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळव. घनता (कोरडं वजन भागिले आकारमान) नसेल तर कार्बनच्या टक्केवारीचा उपयोग नाही. कालवं-शिंपल्यांचा चुरा असेल तर आम्लाने कार्बोनेट काढ, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

कार्बनला 3.67 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड मिळतो. अहवालात कुठला आकडा आहे ते स्पष्ट लिही.

आणि हो, वनखात्याची परवानगी आधी. उधाणाच्या दिवशी गावातला मासेमार सोबत घे, भरती झपाट्याने चढते.