नौदलातून सुटल्यावर अमिरातीत ‘सरकारी’ नोकरी

प्रश्न : मुलगा नौदलात इंजिनरूममध्ये आहे. पंधरा वर्षं भरून मार्चमध्ये सुटतोय. वाशीचा एक एजंट अमिरातीत ‘सरकारी बंदरात’ नोकरी देतो म्हणतो, दीड लाख मागतो. पेन्शनला धक्का लागेल का? – एक वडील, ऐरोली

उत्तर : सप्रेम नमस्कार. आधी दीड लाखाचं बघू. नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात. त्याचा परवाना क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून बघा. परवाना चालू आहे की मुदत संपली, ते तिथं कळतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल, किंवा ‘आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिथं बदलून देतो’ म्हणत असेल, तर विषय तिथंच सोडा.

आता पेन्शन. ‘सरकारी’ हा शब्द एजंट फार सैल वापरतात. ऑफर लेटरवर मालक कोण आहे ते वाचा : बंदर प्राधिकरण, सरकारी मालकीची कंपनी, की नुसती माणसं पुरवणारा ठेकेदार? केंद्राच्या नागरी पेन्शन नियमांनुसार गट ‘अ’मधून, म्हणजे वरिष्ठ अधिकारी श्रेणीतून, निवृत्त झालेल्यांना परदेशी सरकारकडे, किंवा त्याच्या नियंत्रणाखालच्या संस्थेत, रुजू होण्यापूर्वी परवानगी लागते. ती न घेतल्यास तेवढ्या काळाचं पेन्शन मिळत नाही. सैन्यदलांची नियमावली वेगळी आहे आणि मुलगा अधिकारी नाही. म्हणून मेसमध्ये ऐकलेल्या सल्ल्यावर न जाता ऑफर लेटरची प्रत जोडून मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सला (नौसैनिकांच्या नोंदी बघणारं नौदलाचं कार्यालय) अर्ज करू दे. उत्तर लेखीच घ्यायचं.

दहावी पास असल्यानं त्याचा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारी मंजुरी न लागणारा, असेल. सगळ्यांना ही सोय वाटते, पण ज्यांना ती मंजुरी लागते त्या ईसीआरवाल्यांचा करार सरकार तपासतं, तुमच्या मुलाचा तपासणार नाही. पगार, कामाचे तास, परतीचं तिकीट आणि कामाचं स्वरूप त्याला स्वतःलाच वाचावं लागेल. यंत्र दुरुस्ती असेल तर ठीक. तिथल्या नौदलाला किंवा तटरक्षकांना प्रशिक्षण देण्याचं काम असेल तर मात्र दहादा विचार करा. सुटल्यावरही शासकीय गोपनीयता कायदा, १९२३ लागू राहतोच. कतारमध्ये २०२२ साली अटक झालेले आपले आठ माजी नौसैनिक एका खासगी कंपनीत होते. त्यांना फाशी सुनावली गेली, पुढे ती रद्द झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटका झाली.

पंधरा वर्षांच्या सेवेवर मिळणारा पदवी-समकक्ष दाखला इथल्या गट ‘क’ भरतीसाठी आहे. तिथं तो पदवी म्हणून धरतील असं समजू नका. डिप्लोमा असेल तर त्यावर आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, असे शिक्के घ्यावे लागतील. अमिराती अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर एकमेकांची कागदपत्रं मान्य करण्याचा देशांमधला करार) नाही, त्यामुळे नुसत्या अपोस्टिलवर भागत नाही.

पेन्शनसाठी दरवर्षी ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर हयातीची नोंद चुकवू नये. आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे उपचार भारतातच मिळतात, तेव्हा तिथला आरोग्य विमा करारात लिहून घ्या.