पेरणीसाठी देवाकडे खूण मागावी का?

प्रश्न: बायबलमधल्या गिदोनाने रात्री लोकर ठेवून, फक्त तिच्यावरच दव पडावं अशी खूण देवाकडे मागितली. तसंच ‘रविवारपर्यंत पाऊस आला तर सोयाबीन पेरीन’ असं मी देवाला म्हणू का? — एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर: नको, भाऊ. शास्ते 6:36-40 पुन्हा वाचा. इस्राएलाला शत्रूपासून सोडवायची आज्ञा देवाने गिदोनाला आधीच दिली होती. लोकर गिदोनाच्या भीतीपोटी होती. देवाने त्याला सांभाळून घेतलं, पण तशी रीत घालून दिली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे येशूनेच मत्तय 4:7 मध्ये सांगितलं. अशा अटीत पहिली सरच खूण ठरते, ओल पुरत नाही, दुबार पेरणी ओढवते आणि दोष मात्र विश्वासाला लागतो. याकोब 1:5 प्रमाणे शहाणपण मागा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या. ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवा. किमान 70 उगवले तर प्रार्थना करून पेरा.