जॅम बँडचे वादक एकाच गाण्यावर वीस मिनिटे कसे वाजवतात आणि इतर वादकांनी त्यांच्याकडून काय घ्यावे?

आपण लिहिले आहे की बसवलेली गाणी आपण गिटारवर व्यवस्थित वाजवता, पण मनाने वाजवायला घेतले की दोन मिनिटांत सुचणे थांबते. मग ग्रेटफुल डेड किंवा फिश यांसारखे जॅम बँड, म्हणजे मंचावर आयत्या वेळी सुचेल तसे गाणे फुलवत नेणारे रॉक बँड, एकाच गाण्यावर वीस मिनिटे कसे वाजवतात आणि त्यासाठी आणखी स्केल पाठ करावेत का, असा आपला प्रश्न आहे. मीही गिटार वाजवतो आणि कित्येक वर्षे याच ठिकाणी अडलो होतो. माझ्या मते स्केल आपल्याजवळ पुरेसे आहेत. कमी पडते ते वाजवता वाजवता इतरांचे ऐकणे.

‘डार्क स्टार’ हे गाणे घ्या. ग्रेटफुल डेडने १९६८ साली ते सिंगल म्हणून काढले तेव्हा ते पुरते तीन मिनिटांचेही नव्हते, आणि १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’ या अल्बममध्ये तेच गाणे २३ मिनिटांच्या पुढे गेले. त्यातला वादनाचा बराचसा भाग एकाच आधारस्वरावर, मिक्सोलिडियन मोडमध्ये, म्हणजे आपल्या खमाज थाटाच्या स्वरांत फिरतो. कॉर्ड भराभर बदलत नाहीत, त्यामुळे पुढची कॉर्ड गाठण्याची धास्ती उरत नाही आणि वादकाचे लक्ष नाद, लय आणि सोबतचे वादक यांच्याकडे वळू शकते. ही वाट जॅझमध्ये माइल्स डेव्हिसने १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये मोकळी केली होती, आणि ऑलमन ब्रदर्स बँडचा गिटारवादक ड्युएन ऑलमन त्या अल्बमचे ऋण उघडपणे मानत असे.

पण मोकळी जागा मिळाली म्हणजे संगीत आपोआप घडत नाही. ग्रेटफुल डेडचा मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया याची गिटार सर्वांच्या कानात भरते. मला मात्र शिकण्यासारखे अधिक सापडले ते त्याच्या बाजूच्या दोघांकडे. फिल लेश मूळचा ट्रम्पेटवादक, रचनाशास्त्र शिकलेला, आणि बास (खालच्या स्वरांची गिटार) त्याने बँडमध्ये आल्यावर हाती घेतला. म्हणून त्याचा बास नुसता पाया धरून बसत नाही, तर गार्सियाच्या सुरावटीला समांतर अशी दुसरी सुरावट रचत राहतो. बॉब वीअर ऱ्हिदम गिटार वाजवत असे, पण जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीतील पियानोवादक मकॉय टायनर याच्या डाव्या हाताचा त्याने अभ्यास केला होता, आणि त्यामुळे तो सलग ठोके न देता मधल्या फटींत लहान, तिरकस कॉर्ड ठेवतो. गार्सियाला पुढचे वाक्य सुचते त्याचे निम्मे श्रेय मी या दोघांना देतो. (तालवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकला होता, या बँडचे ११ मात्रांतले ‘द इलेव्हन’ ऐकताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.)

१९८३ साली व्हरमाँटमध्ये सुरू झालेल्या फिशने तर ऐकण्याचा रीतसर रियाज केला. चौघांपैकी एकजण छोटा तुकडा सुरू करी, बाकीचे त्याला पूरक असे काही शोधत, आणि इतर सर्वजण स्थिरावले आहेत असे ज्याला वाटे तो ‘हे’ म्हणे. सर्वांचा ‘हे’ येईपर्यंत तुकडा बदलायचा नाही, मग पाळी पुढच्याची. यातली अवघड गोष्ट आपल्या लक्षात येईल: ‘हे’ म्हणण्यासाठी स्वतःच्या बोटांवरचे लक्ष काढून उरलेल्या तिघांवर ठेवावे लागते.

मी माझ्या सरावाचे रेकॉर्डिंग प्रथम ऐकले तेव्हा त्यात एकही विश्रांती नव्हती. मी श्वास न घेता बोलत होतो आणि म्हणूनच माझे बोलणे लवकर संपत होते. त्यानंतर मी एका मित्राबरोबर दोघांपुरता हाच सराव धरला: एका कॉर्डवर दहा मिनिटे, एका वेळी चारच स्वर, आणि प्रत्येक वाक्यानंतर तेवढ्याच लांबीचे मौन. पहिले काही आठवडे ते मौन असह्य वाटते, पण समोरच्याचा एखादा स्वर उचलून पुढे न्यावा असे सुचते ते त्या मौनातच.

मित्र मिळेपर्यंत ‘लाइव्ह/डेड’मधला ‘डार्क स्टार’ लावा. पहिल्यांदा फक्त लेशचा बास शेवटपर्यंत कानाने धरून ठेवा, दुसऱ्यांदा फक्त वीअरच्या कॉर्ड, आणि गिटार हातात घ्याल तेव्हा गार्सियाची नक्कल न करता वीअरच्या जागी बसून वाजवा.