तक्रार खरी, पण मनात राग होता

प्रिय ‘अस्वस्थ’,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबतच्या सिस्टर रात्रपाळीत औषध न देताच चार्टवर सही करतात, हे तुम्ही दोन महिन्यांपूर्वी पाहिलंत आणि भिडेपोटी गप्प राहिलात. मग तुम्हालाही हवं असलेलं इन्चार्जपद त्यांना मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही लेखी तक्रार दिलीत. नोंदी खोट्याच निघाल्या. आता अख्खा वॉर्ड म्हणतोय, हिने सूड उगवला. आणि तुम्ही विचारता, ‘मनात राग होता, म्हणजे मी केलं ते चुकलंच का?’

तक्रार करण्यात काहीही चुकलं नाही. रात्री दोनचा डोस ज्या पेशंटला मिळालाच नाही, त्याला तुमच्या रागाशी काय घेणंदेणं? ब्रिटनमध्ये १९९८च्या कायद्याने गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण दिलं, पण त्याचा हेतू प्रामाणिक हवा, अशी अट होती. २०१३मध्ये ती काढली. उघड केलेली गोष्ट लोकहिताची आहे, असं त्याला रास्तपणे वाटलेलं असलं की पुरतं. हेतू खोटा दिसला तर भरपाई २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, संरक्षण मात्र जात नाही. मला हे पटतं.

तरी तुमच्या हेतूकडे मी काणाडोळा करणार नाही. तो मनातच राहिला असता तर तुमचा तुम्हाला लखलाभ. पण तक्रार कधी करायची हे त्याने ठरवलं. पद तुम्हाला मिळालं असतं तर तो कागद आजही लिहिला गेला नसता, हे तुम्हीच कबूल केलंय. खरं सांगू? मला तुमच्या रागापेक्षा ती भीड जास्त खुपते. रागाने निदान तुमचं तोंड उघडलं.

तक्रारीची प्रत पाहिली. पहिल्या तीन ओळींत तारीख, वेळ, बेड नंबर. चौथीत, ‘त्यांचा स्वभावच कामचुकार आहे.’ ही ओळ डोळ्यांनी पाहिलेल्यावरून नाही, रागाने लिहिलेली आहे.

ती मागे घ्या. आणि चौकशी समितीला स्वतःहून लिहून द्या की त्या पदासाठी तुम्हीही होतात आणि हा प्रकार तुम्ही पहिल्यांदा कोणत्या तारखेला पाहिलात. तुमच्यावरही ठपका येईल, कदाचित मेमो मिळेल. पण समितीने फक्त तक्रारीच्या आठवड्याचे चार्ट तपासलेत, असं तुम्ही लिहिलंय. आधीच्या दोन महिन्यांचे चार्ट तुमच्या त्या एका तारखेशिवाय कोणी उघडणार नाही.