‘बरोबरी’ नको, ‘तुल्यबळता’ लिहा

सांगलीच्या एका वाचकाने विचारलं आहे: ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स शर्यतींच्या बातमीत ‘पॅरिटी टेस्टिंग’ला, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकमेकींच्या तोडीच्या आहेत का हे तपासण्याला, ‘बरोबरीची चाचणी’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. कुंडलच्या मैदानात कुस्ती बरोबरीत सुटली म्हणजे निकाल लागला नाही. पॅरिटीचा निकालाशी संबंधच नाही. कमिटी जोड लावताना दोघं तोलाचे आहेत का ते बघते, ते इथं अभिप्रेत आहे. त्यासाठी ‘तुल्यबळ’ हा शब्द क्रीडापानांवर केव्हाच रुळलाय. म्हणून तुल्यबळता चाचणी.

‘समानता’ही नको, कारण गाड्या समान नसतातच. २०२३ पासूनच्या गाड्यांत फोर्ड मस्टँगला ५.४ लिटरचं, चार कॅमशाफ्टचं इंजिन. शेव्हरले कमॅरोला ५.७ लिटरचं पुशरॉडचं. दोन्ही व्ही-८, पण घडण निराळी. त्यामुळे नुसती कमाल हॉर्सपॉवर जुळवून भागत नाही. डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, सगळ्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, किती मिळतो, ते ताडून बघावं लागतं. मधल्या आरपीएमला फरक राहिला, तर वळणातून बाहेर पडतानाच एक गाडी पुढे निघते.

हवेचं काम त्याहून किचकट. विमानाच्या धावपट्टीवर ठरावीक वेगाने गाडी सरळ पळवायची आणि सस्पेन्शनवरच्या सेन्सरनी पुढच्या-मागच्या चाकांवरचा डाउनफोर्स, म्हणजे हवेने गाडी खाली दाबण्याचा जोर, मोजायचा. समोरचा वारा आकडे फिरवतो, म्हणून उलट दिशेनेही फेरी घेतात. आडवा वारा मात्र उलट फेरीनेही वजा होत नाही. तापमान बदललं की हवेची घनता बदलते, तो हिशेब वेगळाच. एकूण डाउनफोर्स जुळला आणि पुढे-मागे वाटणी चुकली, तरीही गाड्या तुल्यबळ नव्हेत: मागून हलकी पडलेली गाडी वेगवान वळणात घसरते आणि मागचे टायर लवकर खाते. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही गाड्या अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या विंडशिअरच्या वातबोगद्यात नेल्या. तिथं चाकांखाली पट्टा फिरतो आणि वाऱ्याचा वेग आपल्या हातात राहतो.

ब्रिटिश टूरिंग कार शर्यतींत २०२१ पर्यंत गुणतक्त्यात वर असलेल्यांच्या गाडीत जादा वजन ठेवत. ते निकालावरून ठरे, गाडीच्या चाचणीवरून नव्हे. त्याला ‘तुल्यबळता’ म्हणू नका; सरळ ‘जादा वजन’ किंवा ‘विजयभार’ लिहा.