करिअर, कारकीर्द आणि नान्सीचा घाट

प्रश्न असा आहे: जाक कालो या चित्रकाराचं 'ला कारिएर' नावाचं एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं चित्र, आहे. ते नान्सी या आजच्या फ्रान्समधल्या शहराचं आहे. त्याचं नाव 'नान्सीची कारकीर्द' असं छापलेलं दिसलं. ते बरोबर आहे का? आणि करिअर व कारकीर्द मुळात एकच का?

दोन्हींचं उत्तर नाही. 'करिअरवरूनच आपला कारकीर्द आला' हे मी व्याख्यानांत ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, परवा शेअर रिक्षातही ऐकलं. दर वेळी चीड येते.

कारकीर्द फारसी आहे. 'कार' म्हणजे काम, 'कर्द' म्हणजे केलं. कारकून हा त्याचा सख्खा भाऊ, काम करणारा. फारसीतला हा धातू आणि संस्कृतातला 'कृ' एकाच घरचे. म्हणून थोरल्या माधवरावांची कारकीर्द म्हणजे त्यांनी केलेलं राज्य.

फ्रेंच कारिएर, म्हणजेच इंग्रजीतलं करिअर, हा मात्र पळण्यातून आलेला शब्द, आणि याचीच मला खरी गोडी! 'कारुस' म्हणजे गाडा. रोमनांनी हा शब्द गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या प्राचीन रहिवाशांकडून उचलला. गाड्यांची वाट ती 'कारारिया'. फ्रेंचमध्ये तिची कारिएर झाली आणि अर्थ झाला घोडे पळवायची जागा. इंग्रजीतही आधी घोड्याची भरधाव दौड हाच अर्थ होता. नोकरीधंद्याची वाटचाल हा अर्थ थेट १९व्या शतकाच्या सुरुवातीचा. आपल्या दारात उभी असते ती 'कार'ही याच कुळातली.

आता चित्र बघा. कालो नान्सीचाच, जन्म १५९२ चा. फ्लॉरेन्समधली उमेदीची वर्षं संपवून १६२१ मध्ये तो गावी परतला आणि त्याच दशकात हे चित्र केलं. लांबच लांब रुंद रस्ता, दोन्ही अंगांना घरांच्या रांगा, मधे घोडेस्वारांचे भाल्यांचे खेळ, भोवती मुंगीएवढ्या माणसांची गर्दी. त्या रस्त्याचं नावच कारिएर! आजही ती जागा त्याच नावाचा चौक म्हणून आहे, १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

फ्रेंच शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी मला ठासून सांगितलं की कारिएर म्हणजे दगडाची खाण. खाण हा अर्थ आहे, पण तो शब्दच निराळा. तो 'क्वाद्रुस' म्हणजे चौकोनी, त्यावरून आला, चौकोनी चिरे काढायची जागा म्हणून. स्पेलिंग जुळलं म्हणजे गोत्र जुळलं असं होत नाही. त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

माझं मत विचाराल तर कारिएरला मराठीत एकच शब्द शोभतो: घाट. नदीचा नव्हे, डोंगरातलाही नव्हे. खेड, जुन्नर, आंबेगावकडे बैलगाडे जिथे पळतात तो घाट. गावची यात्रा, कडेला दाटलेली माणसं, कर्ण्यावरून निवेदकाचा 'भिर्रर्र', आणि गाडा सुटला की उडालेला धुरळा. गाडा आहे, धाव आहे, सण आहे, गर्दी आहे. कारिएरमध्ये याहून वेगळं काय आहे? विदर्भातल्या लोकांना 'पट' जवळचा वाटेल, शंकरपटातला. माझी त्यालाही हरकत नाही.

तेव्हा चित्राखाली 'नान्सीचा घाट' लिहा. फारच खटकत असेल तर 'शर्यतीचा रस्ता' लिहा. पण ती 'कारकीर्द' आधी खोडा.