नगरपरिषदेच्या सभेला सामान्य माणसाला बसता येतं का? मला दारातूनच परत पाठवलं

तुम्ही लिहिलंय की सर्वसाधारण सभेला गेलात तर शिपायानं "फक्त मेंबर लोकांसाठी आहे" म्हणून दारातूनच परत लावलं, आणि आत नंतर कुलूप लागल्यासारखा कारभार. हे नियमात बसतं का, तर नाही बसत. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात कलम 81 मध्ये सभेचे नियम आहेत, त्यात सभा लोकांसाठी खुली असते असंच धरलंय. एखादा विषय बंद दारात घ्यायचा असेल तर हजर मेंबरांनी बहुमतानं तसा ठराव करायला लागतो. शिपायाला तो अधिकार नाही, सीओला, म्हणजे मुख्याधिकाऱ्यालाही नाही. तुम्ही गोंधळ घातला तर मात्र पीठासीन अधिकारी, म्हणजे सभा चालवणारे, बाहेर काढू शकतात, म्हणून आत गेल्यावर तोंड बंद, मोबाईल सायलेंट.

आता खरं सांगतो. मी एका तालुक्याच्या गावी आठनऊ वर्षं एका लोकल पेपरचा वार्ताहर होतो, नगरपरिषदेची जवळजवळ प्रत्येक सभा स्विचबोर्डाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघितली, आणि पहिल्या दोनतीन सभांतच कळलं की दार उघडं असून फार काही दिसत नाही. सगळं आदल्या रात्री ठरलेलं असतं, कुणाच्या तरी बंगल्यावर, पार्टी मीटिंग म्हणतात त्याला. सभेत सभालिपिक "विषय क्रमांक सात" एवढं वाचतो न वाचतो तोच मागच्या बाकावरून "मंजूर, मंजूर". चाळीसेक विषय पाऊण तासात, मधे चहा-वडा पण. पार्टी मीटिंग कायद्यानं बंद करता येणार नाही आणि करूही नये, माणसं आपापसात बोलणारच. पण मग सभेत निदान टिपणी, म्हणजे विषयाची ऑफिसनं लिहिलेली माहिती, तरी वाचा ना!

खरा खेळ असतो "ऐनवेळचे विषय" या शब्दात. साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्याच्यासोबत विषयपत्रिका असते, ती बोर्डावर लागली की कुणीही वाचू शकतं. पण पत्रिकेच्या शेवटी एक ओळ असते, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय, आणि ज्याच्यावर लोकांनी आधी चर्चा करू नये असं वाटतं ते नेमकं त्या ओळीतून आत येतं. एकदा मी वहीत ऐनवेळचे दोन विषय लिहून घेतले होते आणि दीड महिन्यानं इतिवृत्त, म्हणजे सभेची लेखी नोंद, हातात आलं तर त्यात पाच! पाचातला एक बाजारातल्या गाळ्यांच्या मुदतवाढीचा. लिपिकाला विचारलं तर म्हणतो, "अहो तुम्ही चहाला बाहेर गेला असाल तेव्हा झाला असेल." मी बाहेर गेलोच नव्हतो. मग माहिती अधिकारात त्या दिवसाचं हजेरीपत्रक मागवलं, तर त्या ठरावाला अनुमोदक म्हणून ज्यांचं नाव होतं त्यांची हजेरीची सहीच नव्हती. दुसऱ्या एका नगरसेवकानं ते घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडं कलम 308 खाली अर्ज केला (बेकायदा ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार त्यांना आहे), स्थगिती पण मिळाली. गाळे अजून जुन्याच गाळेधारकांकडं आहेत, ती गोष्ट वेगळी.

म्हणून माझं मत असं की सभागृहात बसण्यासाठी भांडा जरूर, पण त्याच्यापेक्षा जास्त जोर कागदावर लावा. माहिती अधिकाराच्या अर्जात "ठराव का केला" असं विचारू नका, "का" ला उत्तर येत नाही. अमुक तारखेच्या सभेची विषयपत्रिका, विषयांच्या टिपण्या, हजेरीपत्रक आणि इतिवृत्ताची प्रत, बस. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांत, एका अर्जात एकच विषय, हा आपल्या राज्याचा नियम आहे आणि त्याच्यावरून अर्ज परत येतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्येच लिहिलंय की कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचं, आमच्या कोणत्या समित्या आहेत, त्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का. बहुतेक नगरपरिषदांनी ते पान कुठून तरी कॉपी करून टाकलेलं असतं, "होय" असं. त्याचीच प्रिंट काढून खिशात ठेवा, शिपायाला दाखवायला बरी पडते. आणि दर सोमवारी 3 ते 5 रेकॉर्ड बघू द्यायचं असा नोव्हेंबर 2018 चा शासन निर्णय आहे, पुणे महापालिकेत त्याच्याआधीपासून चालायचं, लहान गावात "कुठला जीआर" असं विचारतात, तर तोही प्रिंट करून न्या.

खाली एकानं कमेंटमध्ये ग्रामपंचायतीचं विचारलंय. ग्रामसभेत तुम्ही प्रेक्षक नसता, गावच्या मतदारयादीत नाव असलं की तुम्ही सदस्यच. फक्त एक लक्षात ठेवा, कोरम (किमान हजेरी) नाही म्हणून तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही, त्यामुळं "आज नाही झाली, चला घरी" म्हणून सगळे गेले की पुढच्या वेळी पंधरा माणसांत सगळं उरकतं.

मोठ्या शहरातल्यांनी हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला, मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकच सभागृह आणि प्रशासकच स्थायी समिती, म्हणजे प्रस्ताव आणणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. आमच्याकडं निदान मागच्या बाकावर "मंजूर" म्हणायला माणसं तरी होती.

पुढच्या सभेची तारीख बोर्डावर बघून घ्या, वही-पेन न्या, ऐनवेळचे विषय सुरू झाले की वेळ टाकून लिहा. आणि चहाला बाहेर जाऊ नका.